उंदीर शिरलेली कोठीची खोली साफ करताना आधी झाडू बाजूला ठेवा

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी खानदेशात नवा गहू, दादर ज्वारी भरायला कोठीची खोली रिकामी करतात. पोत्यांमागे उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या गोणपाटाचं घरटं सापडतं, आणि पहिला हात झाडूकडे जातो. तिथेच थांबा.

उंदीर, घुशी, चिचुंद्री यांच्यात हँटाव्हायरस कुळातले विषाणू असू शकतात. १९६४ साली तमिळनाडूत वेल्लोरला चिचुंद्रीत सापडलेला थोट्टापालयम विषाणू याच कुळातला. प्राणी ठणठणीत दिसतो, पण लघवी, लाळ, लेंड्यांतून विषाणू बाहेर पडत राहतो. वाळलेली लेंडी झाडूखाली चुरडली की तिची धूळ श्वासात जाते. असे विषाणू माणसात येतात ते मुख्यतः याच वाटेने.

दारं-खिडक्या उघडा आणि अर्धा तास बाहेरच थांबा. पंखा लावू नका. मुलांना लांब ठेवा. रबरी हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला पुरत नाही. हे काम बहुतेक घरांत बायांवरच पडतं, तेव्हा मास्क आधीच आणून द्या.

धान्य बाहेर काढल्यावर १ भाग पातळ ब्लीच (पावडर नव्हे), ९ भाग पाणी असं द्रावण ताजं बनवा. त्यात अ‍ॅसिड किंवा संडास धुण्याचं औषध मिसळलं तर विषारी वायू होतो, ते कटाक्षाने टाळा. लेंड्या, घरटं, मेलेला उंदीर यांवर द्रावण हलक्या हाताने, चिंब होईपर्यंत शिंपडा. कपाशीचा फवारणी पंप इथे नको. एक तर त्यात कीटकनाशकाचा अंश असतो, शिवाय त्याच्या झोताने लेंड्याच उडतात. ५ मिनिटं थांबून जुन्या फडक्याने सगळं उचला, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, ती पिशवी दुसरीत घाला. मग फरशी ओल्या फडक्याने पुसा. शेणाची जमीन असेल तर हे सगळं झाल्यावरच सारवा. हातमोजे घातलेलेच धुवा, मग काढा आणि हात साबणाने धुवा.

पेन्सिल जाईल एवढ्या भोकातूनही उंदीर शिरतो. अशी भोकं जाळी कोंबून सिमेंटने बुजवा. नवं धान्य झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरा.

पुढच्या आठ आठवड्यांत ताप, अंगदुखी, धाप किंवा लघवी कमी होणं असं काही वाटलं तर डॉक्टरांना उंदरांची खोली साफ केल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूचा आजारही उंदराच्या लघवीतून होतो, आणि त्यावर लवकर औषध सुरू झालेलं बरं.