जुन्या आर्केड कॅबिनेटचा मॉनिटर चालूच होत नाहीये? या चुका टाळा

कॅबिनेटचा स्विच टाकला, गेमचा आवाज येतोय, वरच्या मार्कीची (गेमच्या नावाच्या पाटीची) लाइटही लागली, पण स्क्रीन काळी ठिक्कर. यानंतर घाईघाईत जे केलं जातं त्यानेच कितीतरी रिपेअर होण्यासारखे मॉनिटर कायमचे गेलेत, आणि हे जुने सीआरटी (काचेच्या पिक्चर ट्यूबचे मॉनिटर) आता सहजासहजी मिळत नाहीत म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की करंट प्लगपासून आत कुठपर्यंत पोचतोय आणि नेमका कुठे अडतोय ते आधी मीटर लावून शोधा, पार्ट बदलायचा विषय त्यानंतर.

हात घालायच्या आधी

ट्यूबच्या अॅनोडवर, म्हणजे त्या रबरी टोपीखाली, कलर मॉनिटरला २० हजार व्होल्टच्या वर जाणारा चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. हे बहुतेकांना माहीत असतं, पण चासीवरचा (म्हणजे मॉनिटरच्या सर्किट बोर्डावरचा) मोठा फिल्टर कपॅसिटर मात्र हमखास विसरला जातो, त्यावर १५०-१६० व्होल्ट डीसी साठलेला असू शकतो आणि मॉनिटर डेड असेल तर तो वापरला न गेल्यामुळे तसाच बसून राहतो. तो मीटरने मोजल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका. अॅनोड डिस्चार्ज करताना टोपीखाली घालायच्या स्क्रू ड्रायव्हरला बांधलेली वायर ट्यूबच्या मागच्या विणलेल्या अर्थिंग पट्टीला लावा, सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला नाही, नाहीतर तो झटका चासीवरच्या आयसींना बसतो. थोड्या वेळाने परत एकदा डिस्चार्ज करा, कारण चार्ज थोडा परत येतो. आणि ट्यूबची मान फार नाजूक असते, तिला धक्का लागून बारीक तडा जरी गेला तरी व्हॅक्यूम गेला आणि ट्यूब संपली.

काळी स्क्रीन म्हणजे डेड मॉनिटर असं धरून चालणं

ही सगळ्यात मोठी चूक. खोलीत अंधार करा आणि ट्यूबच्या मानेत बघा, आत नारिंगी उजेड दिसतोय का? बहुतेक रास्टर मॉनिटरमध्ये (जे ओळीओळीने रेघा काढून चित्र दाखवतात) हीटरचा, म्हणजे मानेत तापून उजेड देणाऱ्या तारेचा, सप्लाय हाय व्होल्टेज तयार करणाऱ्या फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरच्याच एका वाइंडिंगमधून येतो, म्हणजे उजेड दिसला तर फ्यूज, रेग्युलेटर, फ्लायबॅक चालवणारा हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर, फ्लायबॅक ही सगळी साखळी चालू आहे आणि तुम्ही पॉवरच्या मागे लागून उगाच वेळ घालवताय. अशा वेळी फ्लायबॅकवरचा 'स्क्रीन' लिहिलेला नॉब आधी कुठे होता त्याची खूण करून किंचित वाढवून बघा, राखाडी पडदा आणि रेघा दिसल्या तर मॉनिटर जिवंत आहे, नॉब परत खुणेवर आणा आणि गेम बोर्ड, व्हिडिओच्या वायरी, सिंक (चित्र जागेवर धरणारा सिग्नल) यांच्याकडे वळा. उजेडच नसेल तर मानेच्या आतला चंदेरी डाग बघा, तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरलीये, मग चासीवर मेहनत करून काही उपयोग नाही.

उजेड नाही आणि डाग चंदेरीच आहे, तर मग पुढे चला.

दाराचा स्विच विसरणं

बऱ्याच कॅबिनेटमध्ये मागच्या किंवा कॉइनच्या दाराला सेफ्टी स्विच असतो, दार उघडलं की करंट बंद. लोक मागचं दार उघडून टेस्टिंगला बसतात आणि करंट येत नाही म्हणून ट्रान्सफॉर्मर खोलतात. त्या स्विचचा दांडा बाहेर ओढला की बऱ्याच प्रकारात तो चालू स्थितीत अडकून राहतो, पण मग आत सगळं लाइव्ह आहे हे पक्कं लक्षात ठेवा.

चासी थेट मेन्सला जोडणं

टेबलावर टेस्ट करायची म्हणून चासी सरळ भिंतीच्या सॉकेटला लावतात, कृपा करून हे करू नका. इलेक्ट्रोहोम जी०७ किंवा वेल्स-गार्डनर के७००० यांसारख्या चासींना मेन्सपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच, तो कॅबिनेटमध्ये असतो, चासीवर नाही. तो नसेल तर चासीचं ग्राउंड मेन्सला जोडलेलं राहतं, गेम बोर्ड जोडला की तो जळतो आणि माणसाच्या जिवालाही धोका आहे. शिवाय अमेरिकन चासी साधारण १२० व्होल्टची, जपानी कॅबिनेट १०० व्होल्टचं, त्यामुळे आधी लेबल वाचा.

फ्यूज उडाला की मोठा फ्यूज टाकणं

फ्यूज डोळ्याने बघून ठरवू नका, होल्डरमधून काढून मीटरने बीप घ्या, आणि होल्डरच्या पट्ट्याही बघा, त्या गंजून कॉन्टॅक्ट सुटलेला असतो. उडालेलाच असेल तर जास्त अँपिअरचा किंवा चंदेरी कागद लावून काम चालवणं म्हणजे जो ट्रॅक आणि फ्लायबॅक वाचला असता तोही जाळणं. फ्यूज का उडाला ते शोधा. फ्यूजच्या जागी सिरीजमध्ये त्याच व्होल्टेजचा ६० किंवा १०० वॅटचा फिलामेंट बल्ब लावा, एलईडी नको. चालू केल्यावर क्षणभर लख्ख पेटून मंद झाला तर ठीक, पेटूनच राहिला तर पुढे शॉर्ट आहे. टेस्ट करताना डीगॉस कॉइलचा (ट्यूबवरचं चुंबकत्व घालवणारी कॉइल) प्लग काढून ठेवा, कारण त्याचा पॉझिस्टर (गरम झाल्यावर करंट अडवणारा पार्ट) खराब असेल तर तो एकटाच फ्यूज उडवतो. त्यानंतर एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिजचे डायोड तपासा, आणि त्यानंतर आउटपुट ट्रान्झिस्टर.

आउटपुट ट्रान्झिस्टर चुकीचा तपासणं

ट्रान्झिस्टरच्या तीन टोकांपैकी (बेस, कलेक्टर, एमिटर) कलेक्टर आणि एमिटरमध्ये दोन्ही बाजूंनी जवळजवळ शून्य ओहम आलं तर तो शॉर्ट आहे. पण बेस आणि एमिटरमध्ये बोर्डावर असताना रीडिंग कमी येणारच, कारण ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग तिथे समांतर असतं, आणि ज्या ट्रान्झिस्टरमध्ये डॅम्पर डायोड आतच असतो त्यात बहुतेक वेळा काही डझन ओहमचा रेझिस्टरही असतो, त्यामुळे बोर्डावरून काढल्यावरही ते कमीच दिसतं, आणि हेच बघून चांगले ट्रान्झिस्टर फेकले जातात. नवा बसवताना अभ्रकाची चकती फाटलेली किंवा विसरलेली नाही ना ते बघा. त्याच्या धातूच्या अंगावर कलेक्टर असतो, तो हीटसिंकला टेकला की पहिल्याच सेकंदाला गेला.

आणि नवा टाकून लगेच फुल पॉवर देऊ नका. आधीचा का गेला? फ्लायबॅक शॉर्ट असेल, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या पायांभोवती सोल्डरला गोल तडा असेल (भिंगाने बघा, हे फार कॉमन आहे) किंवा रेग्युलेटर शॉर्ट होऊन बी प्लस (रेग्युलेटरमधून पुढे जाणारा मुख्य डीसी व्होल्टेज) वाढला असेल. जी०७ ला बी प्लस १२० व्होल्ट डीसी हवा. तिथे १६० दिसला तर रेग्युलेटर सगळं तसंच पुढे ढकलतोय आणि नवा ट्रान्झिस्टरही टिकणार नाही. १२० बरोबर आहे तरी मानेत उजेड नाही, तर ट्रान्झिस्टरला ड्राइव्ह (त्याला चालू-बंद करणारा सिग्नल) मिळत नाहीये, तो सिग्नल तयार करणारा ऑसिलेटर आणि त्याचा स्टार्टअप रेझिस्टर तपासा. मोजताना मीटरची काळी वायर मॉनिटरच्याच ग्राउंडला लावा. ज्या चासीवर स्वतःचा स्विचिंग सप्लाय आहे तिथे प्रायमरी आणि सेकंडरीची ग्राउंड वेगळी असतात, चुकीच्या ग्राउंडवरून घेतलेलं रीडिंग भलतीकडे नेतं.

आधी कॅप किट मागवणं

कॅप किट (बदलायच्या कपॅसिटरचा संच) चांगलंच असतं, पिक्चर वाकडं येणं, कडा आत ओढल्या जाणं यावर तो खरा उपाय आहे. पण पूर्ण डेड मॉनिटरवर आधी सगळे कपॅसिटर बदलले आणि एक जरी उलटा बसला किंवा एखादा ट्रॅक उचकटला, तर आता जुना फॉल्ट आणि नवा फॉल्ट दोन्ही एकत्र शोधत बसावं लागतं. आधी चालू करा, मग किट.

अॅस्टेरॉइड्स (१९७९) किंवा टेम्पेस्ट (१९८१) सारख्या व्हेक्टर गेमच्या (ज्यात चित्र थेट रेषा ओढून काढलं जातं) मॉनिटरला यातलं बरंचसं लागू होत नाही, तिथे हाय व्होल्टेज आणि डिफ्लेक्शन (बीम स्क्रीनवर फिरवणारं सर्किट) वेगवेगळं चालतं, आणि स्पॉट किलरची (बीम एका जागी थांबला तर स्क्रीन जळू नये म्हणून तो बंद करणारं सर्किट) एलईडी लागलेली असेल तर डिफ्लेक्शन किंवा गेम बोर्डापासून सुरुवात करावी.

मॉनिटर चालू झाला तर बल्ब काढून बरोबर रेटिंगचा फ्यूज टाका, बी प्लस परत मोजा कारण बल्ब असताना तो कमीच दिसतो, आणि अर्धा तास चालवून प्लग काढा, डिस्चार्ज करा आणि मगच आउटपुट ट्रान्झिस्टरच्या हीटसिंकला बोट लावून बघा. कोमट असेल तर चासी परत कॅबिनेटमध्ये बसवायला हरकत नाही, चटका बसत असेल तर फ्लायबॅक परत तपासा.