जीवनवृक्षाच्या चित्रापासून सुरुवात करू नका

कबाला म्हणजे यहुदी परंपरेतली गूढविद्या. तिच्याशी माझी ओळख टॅरोमुळे, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या पत्त्यांमुळे झाली. बावीस मोठे पत्ते म्हणजे हिब्रूची बावीस अक्षरं, असं वाचलं आणि दोन वर्षं वहीत दहा वर्तुळांचा तो जीवनवृक्ष काढून त्यावरचे ग्रह, रंग, पत्ते घोकत राहिले. टॅरो हा 15व्या शतकातल्या उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ, आणि अक्षरांशी त्याची सांगड एलिफस लेवी या फ्रेंच लेखकाने 1850च्या दशकात रुजवली, हे फार उशिरा कळलं. म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: हातातलं पुस्तक कोणत्या कबालाचं आहे ते आधी बघा. अभ्यासक इंग्रजीत यहुदी परंपरेसाठी 'के', ख्रिस्ती परंपरेसाठी 'सी' आणि आधुनिक गूढ मंडळांसाठी 'क्यू'ने स्पेलिंग करतात. सगळेच हे पाळत नाहीत, पण अंदाज येतो.

मूळ प्रवाह यहुदी. 12व्या शतकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागात तो दिसू लागतो आणि पुढे स्पेनमध्ये बहरतो. तिथेच 1280च्या सुमारास 'झोहर' हा त्याचा मुख्य ग्रंथ आकाराला येऊ लागला. आपल्याकडे ज्ञानेश्वरी सांगितली गेली तोच काळ. यात दहा सेफिरोत (वृक्षातली दहा वर्तुळं तीच) म्हणजे देवाचीच दहा रूपं, आणि त्यांच्यात सतत देवाणघेवाण चालू असते. सगळ्यात खालची मलखुत ही स्त्रीरूप, देवाचं जगातलं सान्निध्य. माणसाने आज्ञा पाळल्या, प्रार्थना केली की वरची दुरावलेली रूपं जुळून येतात. म्हणजे इथे साधक देवाच्या घरातली तुटलेली नाती सांधतो. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

मग 1486मध्ये इटलीच्या पिको देल्ला मिरांदोला या ख्रिस्ती विचारवंताने आपल्या 900 प्रमेयांत कबालाचा आधार घेऊन ख्रिस्ती धर्म सिद्ध करू पाहिला. जर्मनीच्या रॉयख्लिन या विद्वानाने देवाच्या चार अक्षरी हिब्रू नावात मधोमध 'शिन' हे अक्षर घालून येशूचं नाव काढलं. इथून चिन्हं तीच राहिली, पण अर्थ वेगळे झाले. 1888मध्ये लंडनला निघालेल्या 'गोल्डन डॉन' या गूढ मंडळाने तर त्या वृक्षाची शिडी केली: साधक मलखुतपासून एकेक पायरी चढत जाणार. वृक्ष यहुद्यांचा, पण प्रवास आता व्यक्तीच्या उन्नतीचा. दोन्ही वाचा, फक्त एकाचा अर्थ दुसऱ्यावर लादू नका.

आता अभ्यासाबद्दल. चित्र बाजूला ठेवून आधी अक्षरं शिका. मला तीन आठवडे लागले. प्रत्येक अक्षराला संख्या असते, त्यामुळे गिमात्रिया, म्हणजे अक्षरांच्या बेरजेवरून शब्दांचं नातं शोधणं, स्वतः करून बघता येतं. 'एहाद' म्हणजे एक: 1, 8, 4, बेरीज 13. 'अहवा' म्हणजे प्रेम: 1, 5, 2, 5, पुन्हा 13. दोन्ही मिळून 26, आणि देवाच्या त्या चार अक्षरांची बेरीजही 26. हे स्वतःच्या हाताने मांडल्यावर जे उमगलं ते दोन वर्षांच्या पाठांतरात उमगलं नव्हतं. त्यानंतर गेर्शोम शोलेम वाचा. विद्यापीठीय अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. नंतरचे अभ्यासक मोशे इदेल त्यांच्याशी कुठे वाद घालतात तेही लगेच पाहा.

एक धागा आपल्या दारातला आहे. झोहरमधला 'इद्रा झुता' हा भाग 1887मध्ये लंडनला 'गोल्डन डॉन'च्या संस्थापकांपैकी एक असलेल्या मॅथर्सच्या इंग्रजी अनुवादात आला, तोही लॅटिनवरून. त्याच वर्षी पुण्यात अब्राहम डेव्हिड एझिकिएल या थिऑसॉफिस्ट (थिऑसॉफी या गूढवादी चळवळीतल्या) बगदादी यहुद्याने तो भाग यहुदी अरबीत अनुवादून छापला. गुप्त विद्या उघड केली म्हणून बगदादच्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, त्याला विरोध केला. या अनुवादाची लिपी हिब्रू, भाषा अरबी. लिपी आता मला येते. अरबीचे धडे गेल्या महिन्यात सुरू केले.