सोलापूरच्या व्यापाऱ्यांनो, वेबसाइट करताना या चुका टाळा

चाटी गल्लीतल्या कापडदुकानात गिऱ्हाईक आलं की चादर उलगडली जाते. पोत हाताला लागतो, वजन कळतं, मग भाव विचारला जातो. वेबसाइटवर हात लावायची सोय नाही, त्यामुळे हे सगळं अक्षरांत सांगावं लागतं. चादर, टॉवेल, युनिफॉर्म, शेंगा चटणी विकणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच साइट्स नेमक्या इथे कमी पडतात. देखण्या असतात, पैसेही भरपूर मोजलेले असतात; पण नागपूरहून किंवा हुबळीहून कोणी माल शोधला तर त्या सापडत नाहीत, आणि सापडल्या तरी हवं ते मिळत नाही.

सगळा मजकूर चित्रात

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. छापखान्यातून आलेलं माहितीपत्रक जेपीजी करून जसंच्या तसं चढवलं जातं. फोनवर ते बोटांनी मोठं करून वाचावं लागतं, अंध व्यक्तीला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर तिथे गप्प बसतो आणि गूगलच्या हाती पानाचा विषय ठरवण्याजोगं फारसं काही लागत नाही.

जुन्या फॉन्टचंही तसंच. डीटीपीसाठी, म्हणजे छपाईच्या संगणकीय जुळणीसाठी, वर्षानुवर्षं बिगर-युनिकोड फॉन्ट वापरले गेले. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला संकेत.) त्यात ‘सोलापूर’ दिसतं खरं, पण आत साठवलेली असतात भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं. असा मजकूर कोणत्याही शोधात सापडणार नाही. तो कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि नंतर शब्द न् शब्द डोळ्याखालून घाला, कारण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास जागा सोडतात. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद कोडमध्ये करायला सांगा. तेलुगू, कन्नड किंवा हिंदी मजकूर द्यायचा असेल तर प्रत्येक भाषेला स्वतंत्र पान हवं. एकाच पानावर खिचडी नको.

आता एक पान जवळून बघू. चादरीच्या पानाचं शीर्षक नुसतं ‘होम’ किंवा ‘प्रॉडक्ट्स’ असतं. त्याजागी ‘सोलापुरी जॅकार्ड चादर: आकार, वजन, घाऊक भाव’ असं लिहा. फोटोच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये (फोटोत काय आहे ते सांगणारी कोडमधली ओळ) ‘फोटो १’ लिहून काय उपयोग? ‘लाल-पांढऱ्या नक्षीची सुती जॅकार्ड चादर’ लिहा. दुकानात फोन घेणाऱ्या माणसाजवळ बसून लोक काय विचारतात ते टिपून घ्या: एकेरी की दुहेरी, रंग जातो का, कमीत कमी किती नग, भाव जीएसटी धरून आहे का, माल किती दिवसांत निघतो. याच प्रश्नांची उत्तरं पानावर हवीत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तुम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर तेही अक्षरांत लिहा. ‘ओरिजिनल’ हा शिक्का तर कोणीही मारतो.

पानाच्या तळाशी ‘सोलापूर चादर होलसेल’ हे पन्नास वेळा लिहिणं मात्र बंद करा. गूगलच्या नियमांत ते स्पॅम आहे. कोडमधल्या कीवर्ड्स टॅगसाठी (शोधशब्दांची वाचकाला न दिसणारी यादी) कोणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. क्रमवारी ठरवताना तो टॅग आपण वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

मंजुरी ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर

मालक संगणकावर साइट बघून मान डोलावतो, गिऱ्हाईक मात्र एसटीत बसून फोनवर बघत असतं. गूगलही आता पानाची संगणकावरची नव्हे, मोबाइलवरची आवृत्तीच धरतो. हा बदल पूर्ण झाल्याचं गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. म्हणजे फोनवरच्या आवृत्तीतून काढून टाकलेला मजकूर गूगलच्या लेखी नाहीच. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा ही गूगलची अपेक्षा आहे. बहुतेक ठिकाणी ती मोडते कॅमेऱ्यातून थेट चढवलेल्या चार-पाच एमबीच्या फोटोंमुळे. फोटो लहान करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात ठेवा. वरचा सरकता स्लायडर काढून एकच चांगलं चित्र लावा आणि प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी कोडमध्ये द्या, नाहीतर वाचता वाचता मजकूर खाली सरकतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. पेजस्पीड इनसाइट्स हे मोफत साधन दुखणं कुठे आहे ते दाखवतं. फोन नंबरही चित्रात नको. बोट लावलं की कॉल लागला पाहिजे.

गूगलवर साइट दिसतच नाही

आधी शोधपट्टीत ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत, त्यापुढे कोलन आणि जागा न सोडता आपला पत्ता टाकून बघा. एकही पान आलं नाही आणि साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीवर असेल तर तिच्या सेटिंग्जमधला रीडिंग विभाग उघडा. साइट बनत असताना शोधयंत्रांना दूर ठेवणारी खूण केलेली असते आणि ती काढायची राहून जाते. तिथे सगळं ठीक असेल तर सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनात पानाचा पत्ता तपासा, अडचणीचं कारण तिथे लिहिलेलं असतं. शोधयंत्रांनी कुठे यायचं नाही हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये अख्खी साइट अडवलेली नाही ना, तेही पाहा.

साइट नवी केल्यावर ग्राहक अचानक आटले, तर बहुधा जुन्या पानांचे पत्ते बदललेले असतात. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच मालाच्या नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे कायमची आपोआप वळवणी, लावा. सगळे पत्ते मुखपृष्ठाकडे वळवले तर टॉवेल शोधत आलेला माणूस तिथूनच परत फिरतो.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेची सवलत मे महिन्यातही झळकत असेल तर आजच उतरवा. भाव आजचा आहे का, अशी शंका गिऱ्हाइकाला तिथूनच येते. आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर, कोणाच्या ईमेलवर आहे ते विचारून घ्या. साइट बनवणाऱ्याच्या नावावर असेल तर पुढचं नूतनीकरण यायच्या आत ते आपल्या नावावर करून घ्या.