आमदाराची निवडणूक-कारकीर्द कशी लिहावी

इंदूरच्या मराठी घरांत आमदारांचा विषय निघाला की मतदारसंघाचे पूर्ण नाव सहसा कोणी घेत नाही. ‘दोन नंबर’, ‘चार नंबर’ (म्हणजे इंदूर-२, इंदूर-४) एवढे म्हटले की सर्वांना कळते. रामबागेतल्या एखाद्या घराच्या ओट्यावर बसलेले आजोबा कोण कुठून किती वेळा निवडून आले, कोणाची अनामत जप्त झाली, हे न अडखळता सांगतात आणि त्यातले बरेचसे बरोबरही असते. मात्र तीच माहिती एखाद्या संस्थेच्या स्मरणिकेत, गौरव-अंकात किंवा स्थानिक इतिहासाच्या टिपणात छापायची झाली की ‘बरेचसे बरोबर’ पुरत नाही, कारण छापलेला आकडा पुढच्या लेखकासाठी आधार होतो आणि एकाची चूक दहा ठिकाणी पसरते.

ही सावधगिरी मी स्वतःच्या चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी एका ज्येष्ठ आमदारांचा परिचय लिहिताना मी त्यांनी जिंकलेल्या निवडणुका मोजल्या, त्या संख्येला पाचाने गुणले आणि ‘इतकी वर्षे सभागृहात’ असे लिहून दिले. अंक वाटून झाल्यावर एका निवृत्त शिक्षकांनी मला घरी बोलावले, पिवळे पडलेले, घडीवर फाटत आलेले डिसेंबर १९९२ मधले वर्तमानपत्राचे कात्रण माझ्यासमोर ठेवले आणि शांतपणे विचारले, ‘‘पुढचे जवळजवळ वर्षभर सभागृहच नव्हते, मग तुमचे आमदार बसले कुठे?’’ मध्य प्रदेशाची नववी विधानसभा १५ डिसेंबर १९९२ रोजी विसर्जित झाली, राज्यात राष्ट्रपती राजवट आली आणि पुढची निवडणूक नोव्हेंबर १९९३ मध्ये झाली. म्हणजे १९९० साली निवडून आलेल्या कोणत्याही आमदाराला त्या खेपेस पुरती तीन वर्षेही मिळाली नाहीत. सागर जिल्ह्यातील रहलीचे गोपाल भार्गव १९८५ पासून २०२३ पर्यंत लागोपाठ नऊ निवडणुका जिंकले. नऊला पाचाने गुणले तर पंचेचाळीस येतात, पण १९८५ पासून २०२३ पर्यंतची वर्षे अडतीसच आहेत आणि त्यांतूनही ते जवळजवळ एक वर्ष वजा करावे लागते. म्हणून कारकिर्दीची वर्षे गुणाकाराने काढू नयेत, तारखांवरून मोजावीत.

कामाला बसताना प्रथम एक लांब वही घ्यावी आणि प्रत्येक निवडणुकीला एक ओळ द्यावी. ओळ विजयाला नव्हे, निवडणुकीला द्यायची आहे. उमेदवार हरला असेल तरीही ती ओळ लिहायची, आणि त्या वर्षी तो उभाच राहिला नसेल तर तसे स्पष्ट नोंदवायचे. ओळीत वर्ष, सार्वत्रिक निवडणूक की पोटनिवडणूक, कितवी विधानसभा, मतदारसंघ, पक्ष, मिळालेली मते, जवळचा प्रतिस्पर्धी व त्याची मते, मताधिक्य हे रकाने असावेत आणि शेवटी ‘कोठून घेतले’ असा एक रकाना असावा. हा शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि पुढे शंका आली की सगळे काम पुन्हा करावे लागते. ज्याचा मूळ कागद अजून पाहिलेला नाही तो आकडा पेन्सिलीने लिहावा. मूळ कागद पाहिल्यावरच त्यावर शाई फिरवावी.

अशी वही भाजपचे कैलास विजयवर्गीय यांच्याबाबतीत भरून पाहिली की तिचा उपयोग लगेच दिसतो. १९९० साली इंदूर-४. १९९३, १९९८ आणि २००३ साली इंदूर-२. २००८ आणि २०१३ साली महू. २०१८ साली ते उभे राहिले नाहीत आणि त्यांचे पुत्र आकाश इंदूर-३ मधून निवडून आले. २०२३ साली इंदूर-१. ‘सात वेळा आमदार’ हे शब्द खरे आहेत, पण चार वेगवेगळे मतदारसंघ आणि मधला एक खंड त्या शब्दांमागे झाकला जातो. ‘सलग’ हा शब्द तर विशेष जपून वापरावा, कारण येथे सहा विजय सलग आहेत, सात नाहीत. उषा ठाकूर यांची वही याहून वेगळी दिसेल: २००३ साली इंदूर-१, २०१३ साली इंदूर-३, आणि २०१८ व २०२३ साली महू. विजयांची गोळाबेरीज ठेवली तर या दोन कारकिर्दींत केवळ संख्येचा फरक उरतो. ओळी ठेवल्या तर एकाच शहराच्या राजकारणातले दोन निराळे प्रवास डोळ्यांसमोर येतात.

पराभवाची ओळ गाळण्याचा मोह आपल्याकडे फार असतो, विशेषतः व्यक्ती आपल्या समाजाची आणि आदराची असली की तो अधिकच होतो. आपल्या ताई, सुमित्रा महाजन, इंदूरमधून १९८९ ते २०१४ या काळात लोकसभेच्या आठ निवडणुका जिंकल्या आणि लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या, हे प्रत्येक परिचयात असते. त्याआधी १९८५ साली त्या इंदूर-३ मधून विधानसभेला उभ्या राहिल्या होत्या आणि काँग्रेसच्या महेश जोशींकडून पराभूत झाल्या होत्या, ही ओळ मात्र अनेकदा सुटते. माझ्या मते तिच्यावाचून १९८९ च्या विजयाचे मोल कळतच नाही: विधानसभेचा एक मतदारसंघ न जिंकता आलेल्या उमेदवाराने चारच वर्षांनी प्रकाशचंद्र सेठी यांच्यासारख्या माजी मुख्यमंत्र्यांना सबंध लोकसभा मतदारसंघात हरवले, हे त्या दोन ओळी शेजारी ठेवल्यावरच समजते.

मतदारसंघाचे नाव तेच राहिले म्हणून मतदारसंघ तोच राहिला असे समजू नये. मध्य प्रदेशात मतदारसंघांच्या हद्दींच्या नव्या पुनर्रचनेनुसार पहिली विधानसभा निवडणूक नोव्हेंबर २००८ मध्ये झाली. तेव्हा वॉर्ड इकडचे तिकडे गेले आणि राऊ हा मतदारसंघ नव्याने अस्तित्वात आला. त्यामुळे २००३ च्या इंदूर-२ मधील मतांची २००८ च्या इंदूर-२ मधील मतांशी तुलना करून ‘जनाधार वाढला’ किंवा ‘घटला’ असे लिहिणे चूक आहे. २००८ च्या ओळीवर वहीत एक आडवी रेघ मारून ठेवावी आणि रेघेच्या वरचे व खालचे आकडे एकमेकांत मिसळू नयेत. विधानसभेचा क्रमांक लिहितानाही असेच भान लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले तेव्हा ‘मध्य भारत’ या जुन्या राज्यासह चार घटकांचे विद्यमान सदस्य एकत्र येऊन पहिली विधानसभा बनली. १९५७ च्या निवडणुकीतून आली ती दुसरी. जे १९५७ पासून मोजतात त्यांचा क्रमांक अखेरपर्यंत एकाने मागे राहतो. २०२३ साली निवडून आलेली सोळावी आहे, एवढे लक्षात ठेवून उलट मोजत गेल्यास गोंधळ होत नाही.

आता आकडे कोठून घ्यावेत. निवडणूक आयोग प्रत्येक निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल प्रसिद्ध करतो आणि १९५१-५२ पासूनचे अहवाल त्याच्या संकेतस्थळावर मिळतात. मताधिक्यासाठी तोच अंतिम मानावा. निकालाच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील आकडा पुष्कळदा शेवटच्या फेरीपूर्वीचा असतो, म्हणून तो पेन्सिलीतच राहू द्यावा. कोणत्या वस्तीने कोणाला मते दिली हे सांगायचे असेल तर ‘फॉर्म २०’ पाहावा, ज्यात मतदान केंद्रानुसार प्रत्येक उमेदवाराची मते दिलेली असतात. टक्केवारी देताना ती कशावर काढली हे सांगावे, कारण २०१३ पासून ‘नोटा’चा रकाना आला आहे आणि अनामत वाचवण्यासाठी लागणारा एकषष्ठांश हिस्सा मात्र वैध मतांचाच मोजला जातो. मताधिक्य नुसते लिहू नये, त्याच्याशेजारी तिथल्या तिथे करता येईल अशी तुलना द्यावी: २०२३ साली इंदूर-१ मधून विजयवर्गीय ५७,९३९ मतांनी जिंकले, आणि त्याच दिवशी शेजारच्या इंदूर-२ मध्ये रमेश मेंदोला यांचे मताधिक्य एक लाखाच्या वर गेले.

जुन्या अहवालांतील पक्षांची संक्षिप्त नावे नवख्या माणसाला चकवतात. ‘बीजेएस’ म्हणजे जनसंघ. भारतीय जनता पक्षाची स्थापना ६ एप्रिल १९८० ची, तेव्हा त्याआधीच्या कोणत्याही ओळीत ‘भाजप’ लिहिता येत नाही, मग व्यक्ती तीच आणि कार्यकर्ते तेच का असेनात. मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत जनता पक्षाचे उमेदवार भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढले, म्हणून अहवालात त्यांच्या नावापुढे ‘बीएलडी’ दिसते. होमी दाजी १९६२ साली इंदूरमधून लोकसभेवर गेले तेव्हा शहर त्यांना कम्युनिस्ट म्हणून ओळखत होते, पण नोंद अपक्ष अशी आहे. अशा ठिकाणी रकान्यात नोंदीतलाच शब्द ठेवावा आणि आपल्याला ठाऊक असलेली वस्तुस्थिती खाली वाक्यात सांगावी.

पोटनिवडणुकीला स्वतंत्र ओळ का हवी, हे सांवेरच्या तुलसी सिलावट यांच्या उदाहरणाने कळते. २०१८ साली ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून निवडून आले, मार्च २०२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि नोव्हेंबर २०२० च्या पोटनिवडणुकीत भाजपतर्फे पुन्हा जिंकले. पंधराव्या विधानसभेसाठी त्यांच्या नावावर दोन ओळी आणि दोन पक्ष येतात. त्या एका ओळीत बसवण्याचा प्रयत्न केला तर काहीतरी खोटे लिहिले जातेच.

नावांकडे तर भिंग लावून पाहावे. इंदूर-४ मधून १९९३, १९९८ आणि २००३ साली निवडून आलेले लक्ष्मणसिंह गौड, २००८ साली त्यांच्या अपघाती निधनानंतर तेथूनच पुढच्या चारही निवडणुका जिंकलेल्या त्यांच्या पत्नी मालिनी गौड, आणि मुख्यमंत्री राहिलेले भोपाळचे बाबूलाल गौर: देवनागरीत ‘गौड’ आणि ‘गौर’ स्पष्ट वेगळे आहेत, पण इंग्रजी कागदांत दोघांचेही स्पेलिंग एकच असते. इंग्रजी अहवालावरून मराठीत उतरवणाऱ्याने येथे हमखास अडखळावे अशी ही जागा आहे. बाबूलाल गौर यांचे मूळ आडनाव तर यादव. नावाची खात्री विधानसभेच्या ‘सदस्य परिचय’ या हिंदी पुस्तिकेवरून करून घ्यावी. सदस्याने स्वतः दिलेले नाव, जन्मतारीख आणि आधीची पदे तेथे देवनागरीतच मिळतात.

महापालिकेतील कारकीर्द या वहीत मिसळू नये, तिला वेगळे पान द्यावे. तिच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे केंद्रीय आयोगाच्या अहवालांत त्यांचा पत्ता लागत नाही. पण पान हवेच, कारण इंदूरमध्ये आमदार असतानाच महापौर झालेली उदाहरणे ठळक आहेत: विजयवर्गीय २००० ते २००५, मालिनी गौड २०१५ ते २०२०. मंत्रिपदाची तारीख शपथविधीची धरावी, खातेवाटपाची नव्हे. मालमत्ता आणि शिक्षण यांविषयी काही लिहायचे असेल तर २००३ पासूनच्या निवडणुकांसाठी उमेदवारांची शपथपत्रे आहेत. त्याआधीच्या काळाबद्दल अंदाज बांधू नये.

कागद संपले की माणसांकडे जावे. जुने कार्यकर्ते, मतमोजणीला बसलेले प्रतिनिधी आणि ज्यांच्या घरी कात्रणांची फाइल आहे असे वाचक यांना वही दाखवून एकेक ओळ वाचून दाखवावी. आठवणींतून तारीख घेऊ नये, पण उमेदवारी का मिळाली, मतदारसंघ का बदलला, कोण ऐनवेळी रुसून बसले, ही कारणे त्यांच्याकडूनच मिळतात आणि अहवालात ती कधीच नसतात. ज्याने सांगितले त्याची परवानगी घेऊन ते त्याचे मत म्हणूनच लिहावे. छापायला देताना मथळ्याखाली नोंद कोणत्या निकालापर्यंतची आहे ते तारखेसह द्यावे, जसे ‘३ डिसेंबर २०२३ च्या मतमोजणीपर्यंत’, आणि वहीतील ‘कोठून घेतले’ हा रकाना त्या संस्थेच्या कपाटात मूळ लेखासोबत ठेवून द्यावा.