गाळ्याचं भाडं थकलंय? निदान या चुका तरी टाळा

सांगलीत हरभट रोड असो की गणपती पेठ, दुकानदार अडचणीत आला की पहिली चूक ठरलेली: मालकाचा फोन उचलायचा नाही. दिवाळीच्या गिऱ्हाइकीवर सगळं फेडू, तोवर तोंड चुकवू. तिकडे मालक वकील गाठतो. त्यापेक्षा बाकी फुगायच्या आत जाऊन बसा. नुसतं 'भाडं कमी करा' म्हणू नका, आकडा घेऊन जा. ठरलं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅप करा: 'काका, बोलल्याप्रमाणे या महिन्यापासून चालू भाडं पूर्ण, मागची बाकी सहा हप्त्यांत. बरोबर ना?' त्यांचा 'हो' आला की स्क्रीनशॉट जपून ठेवा.

छत गळतंय म्हणून रागाने भाडंच थांबवणारेही भेटतात. हा हट्ट अंगाशी येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये यावर सरळ वाट आहे. मालकाच्या वाट्याची दुरुस्ती असेल तर लेखी नोटीस द्या, १५ दिवस थांबा, मग स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच.

मालक मुद्दाम भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर करा. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ती परत आली तर तो कागद फाइलला लावा. पुढे कोर्टात 'मी द्यायला तयार होतो' हे तोच दाखवतो. रोख देत असाल तर पावती मागा. ती देणं मालकावर बंधनकारक आहे.

थकबाकीची नोटीस आली की ती गल्ल्याखाली सारू नका. नोटिशीपासून ९० दिवस मालकाला त्या कारणावर दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याज आणि खर्चासह कोर्टात भरली तर थकबाकीपायी गाळा जात नाही. पुढेही भाडं वेळेवर भरत राहावं लागतं, हे आलंच.

पण हे संरक्षण भाडेकरूला. तुमच्या कागदावर 'लिव्ह अँड लायसन्स' (म्हणजे जागा नुसती वापरायची परवानगी, भाडेकरूचा हक्क नाही) असेल तर ते धरून चालू नका. सही करताना बहुतेक जण फक्त रक्कम बघतात, तिथेच फसतात. 'अकरा महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?' हेही चूकच. आपल्याकडे दोन्ही प्रकारचे करार लेखी आणि नोंदणीकृत लागतात, नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत तुमचं म्हणणं आधी ग्राह्य धरतात.

धंदा बसला म्हणून सहा महिने शटर ओढून ठेवणं किंवा परस्पर दुसऱ्याला गाळा देणं, दोन्ही जागा खाली करायला कारण ठरू शकतं.

आणि महापूर. २०१९ आणि २०२१ ला पेठेत पाणी शिरलं. दुकान बंद म्हणजे भाडं आपोआप माफ, असं होत नाही. पुढच्या करारात एक ओळ घालून घ्या: पाणी आत आल्यापासून दुकान पुन्हा उघडेपर्यंत भाडं किती. पावसाळ्याच्या तोंडावर नको, नूतनीकरणाच्या वेळीच बोला.