देशोदेशींच्या महासाथीतील मृत्युदरांची तुलना करताना या चुका टाळा

३१ मे २०२१ रोजी पेरूच्या सरकारने देशातील कोविडमृत्यूंचा एकूण आकडा ६९,३४२ वरून १,८०,७६४ वर नेला. त्या एका दिवसात तिथे लाखाहून अधिक माणसे दगावली नव्हती. चाचणीत संसर्ग सिद्ध झालेल्यांचेच मृत्यू प्रामुख्याने मोजण्याची आधीची पद्धत सोडून लक्षणे, छातीच्या तपासण्या, बाधितांशी आलेला संपर्क आणि मृत्यूचा दाखला यांच्या आधारेही कोविडमृत्यू ठरवावेत, असे तज्ज्ञांच्या समितीने सुचवले आणि सरकारने ते मान्य केले. या निर्णयामुळे लोकसंख्येच्या प्रमाणात पेरू जगात पहिल्या क्रमांकावर गेला. आदल्या दिवशीची यादी पाहून मत बनवणारा आणि दुसऱ्या दिवशीची यादी पाहून मत बनवणारा, दोघांनीही आकडे अचूकच उतरवून घेतलेले असणार. तरी त्यांचे निष्कर्ष जुळले नसते. तुलनेतील बहुतेक चुका याच जातीच्या असतात. आकडा बरोबर उतरवलेला असतो, पण तो नेमका कशाचा आहे, हे कोणी विचारलेले नसते.

वेगवेगळ्या दरांना एकच नाव देणे

‘मृत्युदर’ या एका नावाखाली किमान तीन दर वावरतात. निदान झालेल्या रुग्णांपैकी किती दगावले, हा रुग्ण-मृत्युदर; निदान झालेले आणि न झालेले अशा सगळ्या बाधितांपैकी किती दगावले, हा संसर्ग-मृत्युदर; आणि एकूण लोकसंख्येपैकी किती दगावले, हा लोकसंख्येमागील मृत्युदर. तिन्हींचा अंश सारखा असू शकतो. छेद मात्र अगदी वेगळे असतात.

यांपैकी सर्वाधिक गैरवापर होतो तो रुग्ण-मृत्युदराचा. मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात इटलीत हा दर दहा टक्क्यांच्या आसपास होता, तर जर्मनीत एक टक्क्याहून कमी. त्यावरून जर्मन रुग्णालयांच्या कार्यक्षमतेविषयी बरेच लिहिले गेले. रुग्णालये चांगली होती यात शंका नाही, पण दरातील तफावतीचा मोठा भाग इतरत्र होता: जर्मनीत चाचण्या लवकर आणि मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्याने सौम्य रुग्णही छेदात आले होते, आणि सुरुवातीचे बाधित वयाने तुलनेने तरुण होते. पुढे संसर्ग वृद्धांपर्यंत पोहोचला तेव्हा त्याच जर्मनीचा रुग्ण-मृत्युदर चार टक्क्यांच्या वर गेला.

दुसरी अडचण वेळेची आहे. आज निदान झालेला रुग्ण दगावणार असेल, तर तो बहुधा दोन-तीन आठवड्यांनी दगावतो. साथ वेगाने वाढत असताना छेद आधी फुगतो आणि अंश मागून येतो. २००३ च्या सार्स साथीत सुरुवातीला हा दर चार टक्क्यांच्या आसपास दिसत होता. साथ संपल्यावर ८,०९६ रुग्णांमागे ७७४ मृत्यू, म्हणजे सुमारे ९.६ टक्के, असा हिशेब लागला. विषाणू मध्येच घातक झाला नव्हता. आधीच्या रुग्णांचे भवितव्य ठरायचे बाकी होते. त्यामुळे देशांच्या तुलनेसाठी रुग्ण-मृत्युदर बाजूलाच ठेवावा, हे बरे. एखाद्या देशात चाचण्यांचे धोरण बदललेले नसेल, तर तिथल्या तिथे तो थोड्या काळापुरता उपयोगी पडतो, एवढेच.

अंशात कोण मोजले आहे, हे न पाहणे

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्येच कोविडमृत्यूची व्याख्या आणि दाखला भरण्याची पद्धत सांगितली होती, पण प्रत्येक देशाने ती आपापल्या परीने वापरली. बेल्जियमने वृद्धाश्रमांत चाचणीविना झालेले संशयित मृत्यूही पहिल्यापासून मोजले आणि २०२० च्या वसंतात तो देश याद्यांच्या शिखरावर दिसू लागला. प्रामाणिक मोजणीची ही शिक्षाच म्हणायची. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२० पर्यंत एकदा चाचणी सकारात्मक आलेली व्यक्ती पुढे कधीही आणि कशानेही दगावली, तरी दैनंदिन मोजणीत तिचा समावेश होत असे. चाचणीनंतर २८ दिवसांची मर्यादा घातल्यावर ब्रिटनच्या एकूण आकड्यातून पाच हजारांहून अधिक मृत्यू एकदम वगळले गेले.

रशियात दोन सरकारी आकडे शेजारी शेजारी नांदत होते. रोज जाहीर होणारा आकडा लहान होता आणि सांख्यिकी विभागाचा मासिक आकडा त्याच्या कितीतरी पट मोठा. डिसेंबर २०२० मध्ये त्या वर्षी वाढलेल्या मृत्यूंपैकी ८१ टक्क्यांहून अधिक मृत्यू कोविडशी निगडित असल्याचे उपपंतप्रधान तात्याना गोलिकोव्हा यांनी स्वतःच सांगितले. बहुतेक जागतिक तक्ते मात्र रोजचाच आकडा वापरत राहिले. टांझानियाने मे २०२० मध्ये आकडे देणेच थांबवले. तक्त्यात तिथे बराच काळ २१ मृत्यू दिसत होते. तुर्कमेनिस्तानने एकही रुग्ण मान्य केला नाही. अशा देशांचे नकाशावरील फिकट रंग पाहून कोणी ‘यश’ असा शब्द वापरला, तर पुढचे वाचण्याची गरज नाही.

वय विसरणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे, कारण लोकसंख्येमागील दर काढला म्हणजे तुलना न्याय्य झाली, असे वाटून माणूस निर्धास्त होतो. कोविडचा धोका वयाबरोबर इतक्या वेगाने वाढतो की देशाची वयोरचनाच अर्धा निकाल ठरवून टाकते. नायजरमधील निम्मी लोकसंख्या सुमारे पंधरा वर्षांखालील आहे, तर जपानमध्ये हेच मध्यवय पंचेचाळीसच्या बरेच पुढे आहे.

काल्पनिक आकड्यांचे एक उदाहरण सोडवून पाहू. ‘क’ आणि ‘ख’ या दोन देशांत प्रत्येकी दहा लाख लोक आहेत. दोन्हीकडे ६५ वर्षांखालील लोकांत लाखामागे २० आणि त्यावरील लोकांत लाखामागे ५०० मृत्यू झाले, म्हणजे प्रत्येक वयोगटात दोघांची कामगिरी तंतोतंत सारखी. ‘क’मध्ये ज्येष्ठ ५ टक्के आहेत: साडेनऊ लाख तरुणांत १९० आणि पन्नास हजार ज्येष्ठांत २५० मिळून ४४० मृत्यू होतात, लाखामागे ४४. ‘ख’मध्ये ज्येष्ठ २३ टक्के आहेत: तिथे १५४ आणि १,१५० मिळून १,३०४ मृत्यू होतात, लाखामागे १३०. कामगिरी सारखी असूनही ‘ख’चा दर जवळपास तिप्पट दिसतो. आता ‘क’ची अवस्था खरोखरच वाईट होती, प्रत्येक वयोगटात तिथे दुप्पट माणसे दगावली, असे धरा. तरीही त्याचा दर ८८ वरच थांबतो आणि यादीत तो ‘ख’पेक्षा सरस ठरतो.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. चीनमधील फेब्रुवारी २०२० च्या आणि इटलीतील मार्चच्या सुरुवातीच्या आकड्यांची तुलना झाली, तेव्हा एकूण रुग्ण-मृत्युदर इटलीचा जास्त होता, पण वयोगटांनुसार पाहिल्यास प्रत्येक गटात तो इटलीतच कमी निघाला. इटलीतील निदान झालेल्या रुग्णांत वृद्धांचा वाटा मोठा होता. याच्या उलट टोकाला कतार आहे: तिथे बाहेरून आलेल्या, कामाच्या वयाच्या लोकांचे प्रमाण फार मोठे आहे, त्यामुळे तिथला कमी दर कोणत्याही धोरणाचे श्रेय मानण्यापूर्वी वयाचा हिशेब आधी मांडावा लागतो.

उपाय जुना आणि सोपा आहे. दोन्ही देशांतील वयोगटवार दर एकाच प्रमाण लोकसंख्येला, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या एकाच वयोरचनेला, लावून वयप्रमाणित दर काढावा. वयोगटवार आकडे मिळत नसतील, तर तरुण आणि वृद्ध देश एका तक्त्यात घालू नयेत.

अतिरिक्त मृत्यूंना अंतिम सत्य मानणे

व्याख्यांच्या या गोंधळातून सुटण्यासाठी जाणकार अतिरिक्त मृत्यूंकडे वळतात: त्या काळात सर्व कारणांनी झालेले मृत्यू आणि साथ नसती तर अपेक्षित असलेले मृत्यू यांतील फरक. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० व २०२१ या दोन वर्षांसाठी सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला. त्याच काळात देशांनी कळवलेले कोविडमृत्यू सुमारे ५४ लाख होते. देशांच्या तुलनेसाठी हा मार्ग निश्चितच अधिक भरवशाचा आहे, पण ‘अपेक्षित’ हा शब्द इथे फार मोठा भार वाहतो.

स्वीडन घ्या. तिथे २०२० मध्ये सुमारे ९८ हजार माणसे मरण पावली. २०१९ मधील सुमारे ८९ हजारांशी तुलना केली तर अतिरिक्त मृत्यू ९ हजार. २०१५ ते २०१९ च्या सुमारे ९१ हजारांच्या सरासरीशी केली तर ७ हजार. २०१९ हे स्वीडनमध्ये नेहमीपेक्षा कमी मृत्यूंचे वर्ष होते, त्यामुळे आधारवर्ष निवडणाऱ्याच्या हाती जवळपास हवा तो निष्कर्ष होता. जागतिक आरोग्य संघटनाही यातून सुटली नाही. अपेक्षित मृत्यूंची रेषा पुढे वाढवण्याच्या पद्धतीत त्रुटी आढळल्यावर जर्मनीचा अंदाज सुमारे १ लाख ९५ हजारांवरून १ लाख २२ हजारांवर आणावा लागला आणि स्वीडनचा काहीसा वाढवावा लागला. साधी पाच वर्षांची सरासरीही निर्धोक नाही. ज्या देशात वृद्धांची संख्या वाढत असल्याने दरवर्षी मृत्यू थोडे थोडे वाढतातच, तिथे ती अतिरिक्त मृत्यू फुगवून दाखवते.

शिवाय अतिरिक्त मृत्यू म्हणजे केवळ साथीचे मृत्यू नव्हेत. २०२० च्या शरद ऋतूत आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात युद्ध झाले आणि त्याचे बळी या आकड्यात मिसळले. त्याच वर्षी ऑगस्टमधील उष्णतेच्या लाटेने बेल्जियम आणि नेदरलँड्स या देशांत मृत्यू वाढवले. एक बारीक सापळाही आहे: साप्ताहिक नोंदींत २०२० हे ५३ आठवड्यांचे वर्ष आहे. सरासरीतील बहुतेक वर्षांत ५२ च आठवडे असल्याने जादा आठवड्याचे सगळे मृत्यू नकळत ‘अतिरिक्त’ ठरतात.

जिथे मृत्युनोंदणीच अपुरी आहे, तिथे अतिरिक्त मृत्यूंचा आकडा मोजलेला नसून गणिती प्रारूपातून (मॉडेलमधून) काढलेला असतो. भारतासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे ४७ लाखांचा होता आणि त्याचा पल्ला ३३ ते ६५ लाखांचा. सरकारी आकडा २०२१ च्या अखेरीस पाच लाखांच्या आत होता आणि भारत सरकारने अंदाजाच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. अशा वेळी मधला आकडा उचलून पल्ला टाकून देणे, हा तुलनेतील सरळ अप्रामाणिकपणा आहे.

आपल्या सोयीचा कालखंड निवडणे

जून २०२० मध्ये हिशेब बंद केला असता तर चेक प्रजासत्ताक आणि बल्गेरिया हे देश युरोपातील आदर्श ठरले असते. त्याच वर्षीच्या शरद ऋतूपासून दोन्हीकडे मृत्यूंची मोठी लाट आली आणि पुढे बल्गेरियाचा दर जगातील सर्वांत वरच्या दरांत गेला. न्यूझीलंड आणि हाँगकाँग यांनी २०२१ च्या अखेरपर्यंत विषाणू जवळपास बाहेरच ठेवला. २०२२ मध्ये तो दोन्हीकडे पसरला, पण वृद्धांचे लसीकरण फारच अपुरे राहिलेल्या हाँगकाँगमध्ये मार्च महिन्यात दैनंदिन मृत्युदर जगात सर्वाधिक असलेल्या दरांपैकी एक होता, आणि न्यूझीलंडमध्ये तसे घडले नाही. केवळ २०२०–२१ ची बेरीज पाहणाऱ्याला या दोघांत फारसा फरकच दिसणार नाही. म्हणून लसीपूर्वीचा आणि लसीनंतरचा काळ वेगळा मांडावा आणि सर्व देशांसाठी सुरुवातीची व शेवटची तारीख एकच ठेवावी.

आकडा विचित्र दिसला तर

एखाद्या दिवशी मृत्यू अचानक पाचपट झालेले दिसले तर बहुधा साचलेल्या नोंदी एकदम जाहीर झालेल्या असतात. अशा वेळी जाहीर झाल्याच्या तारखेऐवजी मृत्यूच्या तारखेनुसार मांडलेली मालिका शोधावी. दैनंदिन आकडा ऋण असेल तर फेरतपासणीत काही मृत्यू वगळले गेले असावेत, जसे मे २०२० मध्ये स्पेनमध्ये घडले. अतिरिक्त मृत्यू ऋण आले तर मात्र ती चूक समजू नये: न्यूझीलंडमध्ये २०२० साली निर्बंधांमुळे फ्लूही जवळपास नाहीसा झाला आणि मृत्यू खरोखरच अपेक्षेपेक्षा कमी झाले. शेवटच्या काही आठवड्यांत सगळीकडे घसरण दिसत असेल तर ती नोंदणीतील विलंबाची असते. ते आठवडे कापून टाकावेत.

सॅन मरिनोसारख्या सुमारे ३४ हजार वस्तीच्या देशात एका मृत्यूने लाखामागील दर जवळपास तीनने हलतो, त्यामुळे अशा देशांना क्रमवारीत घेण्यात अर्थ नाही. युरोपीय साप्ताहिक अहवालांत दिसणारे झेड-गुणांकही देशादेशांत ताडून पाहू नयेत. नेहमीच्या चढउतारांच्या तुलनेत मृत्यू किती वेगळे आहेत, एवढेच ते सांगतात. मोठ्या देशात हे चढउतार प्रमाणाने कमी असल्याने तिथे तेवढ्याच टक्क्यांची वाढ अधिक भयंकर दिसते. त्याऐवजी अतिरिक्त मृत्यू हे अपेक्षित मृत्यूंच्या किती टक्के आहेत, ते लिहावे.

तक्ता तयार झाल्यावर प्रत्येक देशापुढे आकड्याबरोबर चार गोष्टी नोंदवाव्यात: मृत्यूची व्याख्या, आधारवर्षे, कालखंडाच्या तारखा आणि अंदाजाचा पल्ला. ज्यांचे पल्ले एकमेकांत मोठ्या प्रमाणात मिसळतात, त्या देशांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक न देता एकाच गटात ठेवावे.