मिशनच्या दौऱ्यावर मुलांसाठी भेटी नेताना

नाताळाआधी तुमच्या चर्चच्या पॅरिशमधून मोझांबिकसारख्या देशात मुलांना भेटी घेऊन जाणार असाल, तर त्या घरी रंगीत कागदात गुंडाळू नका. कस्टम्सवाल्यांना तपासायचं झालं तर ते कागद फाडणारच. पारदर्शक पिशव्या वापरा, प्रत्येक बॅगेत काय आणि किती याची यादी वरच ठेवा. तिथल्या फादरांचं पत्रही सोबत असू द्या.

मुलं किती, कुठल्या वयाची, हे आधी विचारून घ्या. नाताळात गरजू मुलांना भेटींचे खोके पाठवणाऱ्या 'ऑपरेशन ख्रिसमस चाइल्ड' या उपक्रमाचे खोके 2 ते 4, 5 ते 9 आणि 10 ते 14 अशा गटांत भरतात; तीच विभागणी सोयीची. एका गटात सगळ्यांना सारखंच द्या. एकाला मोटार आणि शेजारच्याला नुसतं खोडरबर, हे बघवत नाही.

फुटबॉल जरूर न्या, पण हवा काढून. एका बॅगेत बरेच मावतात. हातपंप आणि जादा सुया विसरू नका, नाहीतर हवा गेलेला चेंडू कोपऱ्यात पडून राहतो. पंप-सुया चेक-इनच्या बॅगेत टाका. बॅटरी सेलवर चालणारी खेळणी नकोत. दोदोल, बेबिंका या गोव्याच्या मिठायांचा मोहही आवरा, खाण्याच्या वस्तू सीमेवर अडकतात.

मोझांबिकची राजभाषा पोर्तुगीज. गोव्यात 1961 पूर्वी, पोर्तुगीज राजवटीत, पोर्तुगीज शाळेत शिकलेले कोणी आजी-आजोबा तुमच्या वाड्यावर असतील, तर शुभेच्छापत्रं त्यांच्याकडूनच लिहून घ्या. मोठ्या, सुट्या अक्षरांत, दोनच ओळी.